पोलीस भरतीचा सराव आणि नडगीचे दुखणे: भार वाढवायचा कसा आणि थांबायचे केव्हा?

क्रीडाशिक्षक_माण

नमस्कार मंडळी.

दुष्काळी पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी मी क्रीडाशिक्षक आहे आणि पहाटे भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतो. जाहिरात निघाली की दर वेळी तेच घडते. पहिल्या आठवड्यात मैदान फुलून जाते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुले नडगीला क्रेप बँडेज गुंडाळून येऊ लागतात आणि मैदानी चाचणी तोंडावर येईपर्यंत त्यांतील काही चांगली पळणारी मुले कडेला बसून इतरांचे बूट सांभाळत असतात. हे थांबवता येईल असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण असतात, १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचारच होत नाही. २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत एका गुणाने नाव यादीतून जाते, त्यामुळे दुखत असताना 'आज विश्रांती घे' असे सांगितले तर मुलगा ऐकत नाही, आणि त्याचे चुकते असेही मला म्हणवत नाही.

माझ्या मते दुखापतीचे मूळ जाहिरातीनंतरच्या कष्टांपेक्षा जाहिरातीआधीच्या रिकाम्या महिन्यांत आहे. भरती पुढे ढकलली गेली की मुले मैदान सोडतात आणि अभ्यासिकेत जाऊन बसतात. सकाळी सातला खुर्चीवर बसलेला मुलगा रात्री नऊला उठतो, जेवणाचा डबाही तिथेच खातो. असे सहा-आठ महिने गेल्यावर एके दिवशी जाहिरात येते आणि तोच मुलगा दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर पळू लागतो. दम दोन-तीन आठवड्यांत परत येतो, त्यामुळे त्याला वाटते की आपण तयार झालो. हाडाला आणि स्नायुबंधांना मात्र एवढा वेळ मुळीच पुरत नाही. दम आणि हाड यांच्या वेगांतील ही तफावत मुलांना समजावून सांगणे हेच मला सर्वांत अवघड जाते.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावे अशी विनंती आहे. सरावाचा भार मोजण्याची एखादी पद्धत सांगा, जी घड्याळाखेरीज कोणत्याही साधनाशिवाय वापरता येईल. आणि साधे दुखणे कोणते, हाडाला तडा जाण्याची सुरुवात कोणती, हे मैदानावर कसे ओळखावे?

माजी_हवालदार

सर, आपली तळमळ पोहोचली, पण एक शंका स्पष्टपणे मांडतो. आम्ही फौजेत भरती झालो तेव्हा कोणी भार मोजत नव्हते. पाठीवर पिट्टू, हातात रायफल आणि उस्ताद म्हणेल तितके पळायचे. नळ्या आमच्याही दुखत, पण पळता पळताच बऱ्या होत. आजच्या मुलांना पहिल्या दिवसापासून 'दुखले तर थांब' असे शिकवले तर ती मनाने कच्ची राहतील, अशी मला भीती वाटते. वर्दीची नोकरी करायची तर अंगात चिवटपणा हवाच.

हाडांचा_डॉक्टर

हवालदारसाहेब, चिवटपणा हवा याबद्दल दुमत नाही. परंतु या दुखापतीचा सर्वांत जास्त अभ्यास जगभरातील लष्करांनीच केला आहे, आणि तो त्यांनी जवानांचे लाड करण्यासाठी केलेला नाही. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केल्यानंतर सैनिकांची पावले सुजून दुखू लागतात याचे वर्णन केले होते. त्या काळी क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. पुढे फोटो निघू लागले तेव्हा ते पावलाच्या हाडांना गेलेले तडे होते हे कळले. १९८५ मध्ये इस्रायली लष्करातील २९५ नव्या जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ३१ टक्के जवानांच्या हाडांना असे तडे आढळले. त्या लष्कराने पुढची पंचवीस वर्षे यावर काम केले. बूट बदलून पाहिले, बुटांतले तळवे बदलून पाहिले. शेवटी लक्षणीय फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी: रात्रीची किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचे अंतर कमी केले. तड्यांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले.

आपल्या पिढीविषयी एक गोष्ट मात्र आदराने नोंदवावीशी वाटते. आपण भरती झालात तेव्हा बहुधा शाळेला रोज चालत जात होतात आणि शेतात काम करत होतात. म्हणजे आपल्या हाडांवर दहा-बारा वर्षांचा सराव आधीच झालेला होता, आणि सरांनी अभ्यासिकेचे जे वर्णन केले आहे त्या मुलाकडे नेमका तोच नाही. ज्यांच्या नळ्या बऱ्या झाल्या नाहीत, असेही काही जण आपल्या तुकडीत असतील. ते घरी परत गेले असतील.

आता तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचे कारण. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर आधी जुने, थकलेले हाड पोखरून काढते आणि मग त्या जागी नवे हाड भरते. पोखरण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत होते, पण भरून पक्के होण्याला तीन महिने किंवा त्याहून अधिक लागतात. त्यामुळे सराव सुरू केल्यावर मधला एक काळ असा येतो की हाड पहिल्या दिवसापेक्षाही थोडे कमकुवत असते. दम वाढलेला असल्याने वेग आणि अंतर वाढवण्याची घाई नेमकी त्याच काळात होते.

मैदानावर ओळखण्याची पद्धत अशी आहे. मुलाला बसवून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा खालून वर सावकाश दाबत न्यावा. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, पळायला लागल्यावर दुखणे कमी होत असेल आणि नंतर परत ठणकत असेल, तर ते बहुतेक वेळा हाडाच्या आवरणाचे आणि भाराखाली शिणलेल्या हाडाचे दुखणे असते. भार कमी केला की ते आवरते. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, पळताना दुखणे वाढतच जात असेल, साधे चालताना किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल, तर तडा आहे असे गृहीत धरून पळणे त्याच दिवशी थांबवावे.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. पहिले दोन-तीन आठवडे अशा तड्याचा एक्स-रेवर मागमूसही नसतो. एमआरआयवर दिसतो, पण तो खर्च प्रत्येकाला झेपत नाही. म्हणून मी लक्षणांवर विश्वास ठेवतो आणि दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे परत काढतो.

दोन जागांबाबत मात्र अजिबात वाट पाहू नये. जांघेत खोलवर दुखत असेल आणि पाय टेकताना कळ येत असेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असू शकतो. तो पूर्ण तुटला तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते. नडगीच्या मध्यावर अगदी समोरच्या धारेवर एका ठिकाणी दुखत असेल, तर तो तडाही सहजासहजी भरत नाही. या दोन्ही मुलांना चालवत नेऊ नका, गाडीवर बसवून दवाखान्यात न्या.

अभ्यासिकेतला_मुलगा

डॉक्टर, मी वरच्या वर्णनातलाच एक आहे. दोन्ही नळ्यांच्या आतल्या बाजूने खालचा अर्धा भाग दुखतो, चालताना दुखत नाही. मैदानावरील एका जुन्या मुलाने सांगितले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेऊन पळावे आणि रात्री तेल लावून नळी जोरात चोळावी. असे केले तर चालेल का?

हाडांचा_डॉक्टर

दोन्ही करू नका. गोळीने दुखणे झाकले जाते, त्यामुळे थांबण्याची सूचना देणारी एकमेव गोष्ट हातातून जाते. उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत अशा गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, तो वेगळाच. पोटऱ्यांना हलक्या हाताने तेल लावण्यात काही वाईट नाही, परंतु हाडाची दुखरी कड जोरात चोळून काहीही साधत नाही, आणि तिथे तडा असेल तर दुखणे वाढते. वेदना दोन्ही पायांना, लांब पट्ट्यात आणि चालताना नसलेली आहे, ही चांगली लक्षणे आहेत. दोन आठवडे वेगाचे पळणे, दोरीच्या उड्या आणि डांबरावरचा सराव बंद ठेवा. सायकल चालवा, पोहण्याची सोय असेल तर पोहा. दम टिकून राहील.

क्रीडाशिक्षक_माण

डॉक्टर, मनापासून आभार. अंगठ्याने नडगी दाबून पाहण्याची तपासणी मी आता दर सोमवारी करणार आहे.

भार मोजण्याविषयी वाचले ते येथे मांडतो. कार्ल फॉस्टर या अमेरिकन अभ्यासकाने रुळवलेली एक सोपी रीत आहे. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने मुलाला विचारायचे, की आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती जड गेला. त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. चाळीस मिनिटे गप्पा मारता येतील अशा चालीने पळाला आणि तीन म्हणाला, तर भार १२०. पंचेचाळीस मिनिटांत वॉर्मअप, चारशेचे वेगवान राउंड आणि शेवटी वेळ लावून १६०० मीटर झाले आणि तो आठ म्हणाला, तर ३६०. सात दिवसांची बेरीज वहीत लिहायची. मला ही रीत आवडण्याचे कारण असे, की अंतर तेच असले तरी रात्रपाळी करून आलेला किंवा तापातून उठलेला मुलगा मोठा आकडा सांगतो, आणि तो आकडा खरा असतो.

या बेरजेवरून पुढचे गणित ऑस्ट्रेलियाच्या टिम गॅबेट यांनी २०१६ च्या सुमारास लोकप्रिय केले. चालू आठवड्याच्या भाराला मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीने भागायचे, उत्तर ०.८ ते १.३ मध्ये असावे, दीडच्या वर गेल्यास धोका. या गुणोत्तरावर पुढे संख्याशास्त्राच्या अंगाने बरीच टीका झाली आणि ती मला पटते. त्यामुळे मी ते भविष्य सांगणारे यंत्र मानणार नाही. पण 'मागच्या महिन्यात तू काय केले होतेस?' हा प्रश्न त्यातून विचारला जातो, आणि भरतीच्या मुलासाठी तोच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. ज्याची मागची सरासरी शून्य आहे, त्याच्यासाठी पहिल्याच आठवड्याचा कोणताही जोरदार सराव हद्दीबाहेरचा ठरतो.

टेकडीवरून

मी पुण्यात अनेक वर्षे लांब पल्ल्याचे धावतो आणि दर पावसाळ्यात साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांबरोबर टेकडीवर असतो. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर त्याची परीक्षा झाली. एका गटाने १३ आठवड्यांत सावकाश वाढ केली, दुसऱ्याने नेहमीचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम केला. दोन्ही गटांत दुखापतीचे प्रमाण जवळपास सारखेच, सुमारे २० टक्के निघाले. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतील नोंदी तपासल्या. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी मारलेली उडी धोक्याची दिसली. मागच्या तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त अंतर काढले की दुखापतीची शक्यता वाढत होती, आणि दुप्पट अंतर काढणाऱ्यांना धोका सर्वाधिक होता.

सरांच्या मुलांना याचा थेट उपयोग होईल. भरतीच्या मैदानांवर रविवारी 'आज दहा किलोमीटर' अशी पैज लावण्याची पद्धत मी पाहिली आहे. आठवडाभर तीन किलोमीटर पळणाऱ्या मुलाची नळी त्या एका रविवारी जाते.

घाटाविषयीही एक गोष्ट. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण मांड्या जातात त्या उतरताना. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच आवळून धरावा लागतो आणि त्यानेच त्याचे तंतू सर्वाधिक दुखावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही ते यामुळे. हे दुखणे घातक नसते. थोड्या उताराचा सराव आधी झाला असेल तर पुढच्या वेळी ते बरेच कमी होते. भरतीच्या मुलांनी स्नायूंचे हे दुखणे आणि हाडाचे दुखणे यांची गल्लत करू नये.

टाचेच्या वरच्या शिरेचे, म्हणजे अकिलिसचे दुखणे असेल तर पूर्ण विश्रांती उलटी पडते. १९९८ मध्ये स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी पायरीवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम बारा आठवडे, दिवसातून दोन वेळा, सरळ आणि वाकलेल्या गुडघ्याने करून घेतला आणि जुनाट दुखण्याचे धावपटू परत पळू लागले. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरून टाकलेली पहिली पावले कालपेक्षा जास्त आखडलेली वाटली, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजावे.

खाकी_ताई

मी पोलीस दलात आहे आणि सुटीला गावी आले की मुलींचा सराव घेते. वरच्या चर्चेत मुलींचा उल्लेख आला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे एक मुलगी येत असे, ८०० मीटरला सर्वांत पुढे. वजन कमी झाले की वेग वाढेल असे तिला कोणीतरी सांगितले होते. सकाळी पोह्यांच्या दोन घासांवर मैदान, दुपारी एक भाकरी, आणि नवरात्रात नऊ दिवस पाणी आणि एखादे केळे. सराव तिने एक दिवसही चुकवला नाही. मग तिची नळी एका जागी दुखू लागली. बोलता बोलता तिने सांगितले की चार महिने पाळी आलेली नाही, आणि तिला त्याचे बरेच वाटत होते, कारण मैदानावर अडचण होत नव्हती. तपासणीत हाडाला तडा निघाला.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर पहिले निवेदन काढले. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडले की शरीर आधी पाळी थांबवते आणि हाडांची बांधणी मंदावते. मुलांनाही हे होते, फक्त त्यांच्यात दिसणारी खूण नसते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर वेळापत्रक बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवे. लग्नाआधी दवाखान्यात कशाला, असे घरचे म्हणतात. मी स्वतः आईला भेटते आणि हे हाडाचे काम आहे असे समजावते.

रक्त कमी असणे हा दुसरा प्रश्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. दम लागतो म्हणून आणखी पळणाऱ्या मुलीला पळण्याची नव्हे, हिमोग्लोबिन तपासण्याची गरज असू शकते. अमेरिकी नौदलात पाच हजारांहून अधिक महिला प्रशिक्षणार्थींपैकी काहींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, त्यांच्यात हाडांचे तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे दूध, नाचणी आणि तीळ परवडतात. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात भाकरी, उसळ आणि दूध पोटात गेले पाहिजे, असा माझा आग्रह असतो, आणि डबा घेऊन आल्याशिवाय मी सरावाला उभे करत नाही. उपवास असेल त्या दिवशी फक्त चालणे.

माजी_हवालदार

ताई, डॉक्टर, आपण लिहिलेले दोनदा वाचले. झोपेची गोष्ट मला पटली. आमच्याकडे नव्या जवानांना रात्रीची ड्यूटी आणि पहाटेची पीटी एकत्र लागली की दवाखान्याची रांग वाढत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सरांनी मुलांना रात्री बारापर्यंत अभ्यास आणि पहाटे चारला मैदान हा क्रम सोडायला सांगावे. पाहिजे तर मैदान सहाला भरवावे.

अभ्यासिकेतला_मुलगा

डॉक्टर, दोन आठवडे थांबल्यावर परत सुरुवात कशी करावी? आणि लेखी परीक्षेच्या काळात मैदान पूर्ण सोडू नये असे सरांचे म्हणणे आहे, तर कमीत कमी किती पळावे?

हाडांचा_डॉक्टर

आधी अर्धा तास भराभर चालून पाहा. सलग चार-पाच दिवस चालताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नळी दुखली नाही, दाबूनही दुखली नाही, तर एक मिनिट हलके पळणे आणि एक मिनिट चालणे, असे वीस मिनिटे करा. हे एक दिवसाआड करायचे. दोन वेळा निर्वेध पार पडले की पळण्याचे मिनिट वाढवा, चालण्याचे कमी करा. सलग अर्धा तास पळता येऊ लागल्यावरच वेगाकडे वळा, आणि वेग वाढवाल त्या आठवड्यात अंतर वाढवू नका. मधेच दुखले तर घरी न बसता एक पायरी मागे या. हे सर्व साध्या नळीच्या दुखण्यासाठी आहे. तडा निघालेल्यांना हाडाच्या जागेनुसार सहा आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात आणि तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावा.

यासोबत पोटऱ्यांची ताकद वाढवा. भिंतीला हात टेकवून एका पायावर टाच उचलणे, आधी सरळ गुडघ्याने आणि मग वाकलेल्या गुडघ्याने. पाठीवर पुस्तकांचे दप्तर घेतले की वजनाचीही सोय होते. पळताना नडगीवर येणारा ताण पेलण्यात पोटरीच्या खोल स्नायूचा वाटा मोठा असतो.

अभ्यासाच्या काळासाठी माझे उत्तर आठवड्यातून तीन दिवस, वीस ते तीस मिनिटे, असे आहे. शेवटी मैदानातच चार-सहा वेगाचे छोटे तुकडे घ्या. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की काही डझन ठोके बसल्यावर हाडाच्या पेशी पुढच्या ठोक्यांना प्रतिसाद देणे कमी करतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. त्यामुळे अभ्यासिकेत दुपारी पाच मिनिटे उठून जिना चढ-उतार केली आणि जागच्या जागी थोड्या उड्या मारल्या, तर तोही हाडासाठी सरावच असतो. मात्र आज नळी दुखते आहे तोवर उड्या नकोत.

क्रीडाशिक्षक_माण

डॉक्टर, याचा एक तक्ता करून अभ्यासिकेच्या दारावर लावतो. रविवारची पैज या आठवड्यापासून बंद केली आहे. त्याऐवजी जाहिरात नसलेल्या महिन्यांत मंगळवार, गुरुवार आणि शनिवार अशी हजेरी सुरू करत आहे. ताई, सुटीवर आल्यावर एक दिवस आमच्या मुलींशी बोलायला याल का? त्यांच्या आयांनाही बोलावून ठेवतो.

खाकी_ताई

जरूर येईन, सर. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सुटी मिळते आहे. येण्यापूर्वी मुलींची हिमोग्लोबिन तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घेता आली तर पाहा. अहवाल समोर असले की आयांशी बोलणे सोपे जाते.